मनुबाईचा बर्फ

कोपर गावाच्या खाली, खाडीला लागून कोळ्यांचा पन्नास-साठ घरांचा वाडा होता. मासळीतलं तिथे सगळ्यांनाच कळायचं, पण बर्फातलं कळायचं ते एकट्या मनुबाईला. ही पदवी तिला कुणी हार घालून दिली नव्हती. डोंबिवलीच्या बाजारात तिच्या शेजारी बसणाऱ्या बायकांनी ती कुरकुरत दिली होती, आणि कुरकुरत दिलेली पदवी बहुधा खरी असते.

त्या बायकांचं पापलेट बारा वाजले की मान टाकायचं. मनुबाईचं दोन वाजताही ताठ असायचं. गिऱ्हाईक बोट दाबून बघायचं आणि न बोलता पिशवी पुढे करायचं. शेजारणी विचारायच्या, मनुबाई, करतेस तरी काय? ती सांगायची, बर्फाची लादी निवळ बघून घ्यावी, दुधाळ घेऊ नये. बर्फ बारीक फोडू नये. भुसा कोरडा असावा. हे सगळं खरं होतं. फक्त शेवटची गोष्ट ती सांगायची नाही. रात्रभर ठेवायचा माल असला की ती फोडलेल्या बर्फावर मूठभर खडेमीठ टाकायची. बर्फ मेला आळशी असतो, मिठाने त्याला चेव येतो, असं तिची सासू आवडाबाई म्हणायची. आवडाबाईने हे गुपित मरायच्या आदल्या वर्षी सुनेच्या कानात सांगितलं होतं आणि बजावलं होतं, की पाटी जिच्या डोक्यावर देशील तिलाच हे दे, त्याआधी नको. मनुबाईला मुलगा नव्हता, म्हणजे सूनही नव्हती. एक लेक होती, नीला. तिला वेळ आल्यावर सांगू, असं मनुबाईने ठरवलं होतं.

ही गोष्ट घडली तेव्हा नवरा धाकू जाऊन बारा वर्षं झाली होती. मनुबाई रडत बसली नाही, बाजारात बसली. लेकीचं लग्न तिने वाड्यातच, वाजत-गाजत लावलं. एका मासळीवालीने एवढं केलं म्हणून लोकांनी तोंडात बोटं घातली, आणि तिला ते आवडायचं. मनुबाई भली होती, पण नम्र बिम्र नव्हती. आपल्याला येतं ते येतं, असा तिचा खाक्या होता.

सत्त्याऐंशी साली नीला बाळंतपणाला आली आणि आठव्या महिन्यातच मोकळी झाली. मुलगा झाला. हातात घेतला तर बांगड्याएवढा. बांगडा मासा, हातातला दागिना नव्हे. कान्हा नाव ठेवलं. त्याला महापालिकेच्या दवाखान्यात डांग्या खोकल्याची त्रिगुणी लस टोचायला नेलं, तर तिथल्या डॉक्टरने वजन बघून परत पाठवलं. जरा बाळसं धरू दे, मग आणा. पुढच्या महिन्यात नेलं तर पुन्हा तेच. बाळसं धरेपर्यंत सहा महिने गेले, आणि कान्हाला टोचायची वेळ आली तेव्हा दवाखान्यातली लस संपली.

लस वरूनच येत नव्हती. वर म्हणजे कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. खिडकीतला माणूस म्हणायचा, पुढच्या बुधवारी या. पुढच्या बुधवारी गेलं की त्याच्या पुढच्या बुधवारी. त्या माणसाचा आवाजही चढायचा नाही. त्याच्या घरात लहान मूल नसावं.

एरवी मनुबाईनेही बुधवार मोजले असते. पण त्याच महिन्यात वाड्यात डांग्या खोकला शिरला. चौथ्या घरातल्या तुळसाची पोर खोकायला लागली. खोकता खोकता निळी पडायची, मग हूऽऽप करून श्वास घ्यायची. तो आवाज सगळ्या वाड्याला ऐकू जायचा. एका सकाळी आवाज आला नाही, आणि बायका पदर सावरत तुळसाकडे धावल्या. मनुबाई धावली नाही. ती घरात आली, कान्हाच्या छातीला कान लावून बसली आणि नंतर पाटी न घेताच घराबाहेर पडली. तीस वर्षांत पहिल्यांदा तिने बाजार चुकवला.

कल्याणच्या दवाखान्यात लस नव्हती. डोंबिवलीत एक मोठे बालरोगतज्ज्ञ होते. वीस वर्षं त्यांच्या घरी दर रविवारी मनुबाईचं पापलेट जायचं, निवडून बाजूला काढलेलं. ती त्यांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर गोड बोलले, बसा म्हणाले, आणि कानावर हात ठेवले. स्टॉक नाही हो, मनुबाई. ती बाहेर आली तेव्हा एका बाईच्या मांडीवरचं गुटगुटीत पोर दंडाला कापूस लावून रडत होतं. कापूस कसला ते मनुबाईला विचारायची गरज नव्हती. पुढच्या रविवारी तिने डॉक्टरांकडे मासा पाठवला, पण मोजून शिळा. तिला तेवढंच जमण्यासारखं होतं.

मग तिला आयरीन आठवली. आयरीनची आई बिट्रिस ठाण्याची, भाजीची टोपली घेऊन डोंबिवलीला यायची आणि मनुबाईच्या शेजारी बसायची. बिट्रिस आजारी पडली तेव्हा मनुबाई आठवड्यातून दोनदा ठाण्याला जाऊन तिला कालवण भरवून यायची. आता आयरीन टेंभी नाक्याच्या पुढे, नन्सच्या एका छोट्या दवाखान्यात नर्स होती. मनुबाई तिथे पोचली तेव्हा दुपार टळली होती. आयरीनने तिला आत घेतलं, पाणी दिलं, सगळं ऐकलं आणि खरं ते सांगितलं. मुंबईहून खटपट करून चार बाटल्या आणल्या होत्या, एक उरली आहे. एका बाटलीत दहा मुलांचं टोचून होतं. उद्या सकाळी बाळाला घेऊन ये, पहिला नंबर तुझा.

इथे मनुबाईने हो म्हणायला हवं होतं. सकाळच्या गाडीने कान्हाला आणलं असतं, टोचून दुपारी घरी गेली असती, आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण दीड महिना तिने प्रत्येक खिडकीत ‘उद्या’ आणि ‘बुधवार’ एवढंच ऐकलं होतं. उद्या या शब्दावरचा तिचा विश्वास उडाला होता. आणि दुसरंही एक होतं. दहा मुलांची बाटली, आणि वाड्यात न टोचलेली बरोबर दहा मुलं. आपला एकटा नातू टोचून आणला तर तुळसासमोर कुठल्या तोंडाने जायचं? उलट अख्ख्या वाड्याची लस मनुबाईने आणली, तर? हेही तिच्या मनात आलं. ते आलं नव्हतं असं तिने पुढे कधी स्वतःला सांगितलं नाही.

तिने आयरीनचा हात धरला आणि बाटलीच मागितली. आमच्याकडच्या सिस्टरकडे सुया आहेत, औषध तेवढं नाही, म्हणाली. आयरीनने दाराकडे बघितलं. दवाखान्याची वस्तू अशी बाहेर देणं तिच्या नोकरीवर येणार होतं. शेवटी आईला भरवलेलं कालवण आठवून तिने फ्रिज उघडला. बाटली कागदात गुंडाळून थर्मासमध्ये ठेवली, वर बर्फाचे दोन तुकडे टाकले आणि सांगायला लागली.

“मावशी, हे थंड ठेवायचं हं, पण...”

“अगं, थंड कसं ठेवायचं ते तू मना शिकवतंस?” मनुबाई म्हणाली.

आयरीन हसली. तिला आईच्या शेजारचं ते ताठ पापलेट आठवलं असावं. तुला काय सांगायचं बर्फाचं, म्हणाली, आणि ‘पण’च्या पुढचं तिच्या तोंडातच राहिलं.

मनुबाई डोंबिवलीला उतरली तोवर दवाखान्याची खिडकी बंद झाली होती. आता सकाळीच. थर्मास उघडून बघितला तर दोन तुकड्यांचं पाणी झालेलं. दोन तुकडे! शहाण्यासुरत्या मुली, पण बर्फ टाकायला हात आखडता. ती तशीच बर्फाच्या कारखान्यावर गेली, निवळ बघून पाव लादी घेतली, गोणपाटात बांधून डोक्यावरून घरी आणली. वाटेत नऊ घरी थांबून सांगितलं, उद्या सकाळी लेकरं घेऊन दवाखान्यात या, लस मी आणलीय. बायकांनी तिच्या पायाला हात लावले. तुळसाने नुसतं तिच्याकडे बघितलं. तिचं घर त्या नऊ घरांत नव्हतं.

नीला आतल्या खोलीत कान्हाला पाजत होती. मनुबाईने पडवीतली पत्र्याची पेटी धुतली, तळाला भुसा घातला, बर्फ फोडला, मधोमध बाटली पुरली. मग क्षणभर थांबली. उद्यापर्यंत राहायला हवं. तिने बरणीत हात घातला, मूठभर खडेमीठ काढलं आणि बर्फावर पसरलं. देवाला अक्षता वाहाव्यात तसं. आयुष्यात एवढ्या मायेने तिने कुठलाच बर्फ भरला नव्हता.

सकाळी पेटी उघडली तेव्हा बाटली दगड झाली होती. मनुबाईला बरं वाटलं.

दवाखान्यात सरस्वती सिस्टर होती. तिशीची, बारीक चणीची, दोन वर्षांपूर्वीच लागलेली. तिने मनुबाईला आत घेतलं, दार लोटलं आणि बाटली हातात घेतली. तिचा चेहरा उतरला. बाटली टेबलावर ठेवून तिने ती वितळू दिली. मग तिने ती जोरात हलवली आणि पुन्हा ठेवली. मनुबाईला जवळ बोलावून म्हणाली, बघा. बाटलीतलं पांढरं पाणी फाटल्यासारखं झालं होतं आणि पांढरा चुरा हळूहळू तळाशी बसत होता. चांगली लस अशी फाटत नाही, सिस्टर म्हणाली, ही गोठली होती. गोठली की मेली.

मनुबाईला पटेना. आता वितळली ना? मासा गोठतो, वितळतो, खातो आपण.

“हा मासा नाही, मावशी.” सिस्टरचा आवाज कोरडा नव्हता. “नुसत्या बर्फात एवढी गोठत नाही. बर्फात काय घातलेलं?”

त्या एका प्रश्नात मनुबाईला सगळं कळलं. बाहेर दहा बायका दहा लेकरं घेऊन उभ्या होत्या, त्यात नीला होती, नीलाच्या खांद्यावर कान्हा होता.

“काय नाय,” ती म्हणाली. “नुसता बर्फ.”

पट्टीच्या पोहणाऱ्याला पाणी ओढतं म्हणतात, ते असं.

सिस्टर बाहेर आली आणि लस खराब झाली आहे, टोचता येणार नाही, असं तिने बायकांना सांगितलं. ती गोठली होती, म्हणाली. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. बर्फाने लस खराब होते? मग तुमच्या लसीच्या डब्यात काय असतं, वाळू? आणि बर्फ भरला कुणी, तर मनुबाईने. मनुबाईला बर्फ शिकवणारी ही कोण? एकजण म्हणाली, हिने मुद्दाम ओतली. दुसरी म्हणाली, विकली असणार. बघता बघता आवाज चढला. सरस्वती सिस्टर दाराला पाठ लावून उभी राहिली आणि तिने मनुबाईकडे बघितलं. सगळ्याच बायका मनुबाईकडे बघत होत्या. एक वाक्य पुरलं असतं. मनुबाई मूग गिळून उभी राहिली, आणि बायकांनी त्या गप्प राहण्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला. बिचारीला धक्का बसलाय, म्हणाल्या.

आठव्या दिवशी कान्हा खोकायला लागला.

तो अकरा दिवस खोकला. डोंबिवलीच्या इस्पितळात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं, नळी घातली. नीला त्या काचेला हात लावून उभी असायची. मनुबाई बाहेरच्या बाकावर बसायची, कारण आतला आवाज तिला ऐकवत नव्हता. एकोणिसाव्या दिवशी वाड्यातले पुरुष पोराला कापडात गुंडाळून खाडीवर घेऊन गेले. त्यानंतर तीन दिवसांनी, बुधवारीच, दवाखान्यात लस आली.

आयरीन भेटायला आली. तिला कुणीतरी गोठल्याचं सांगितलं होतं. मनुबाईचा हात हातात घेऊन ती म्हणाली, एका सुईने तसंही फारसं झालं नसतं मावशी, तीन लागतात, आणि खोकला तर दारातच होता. तू मनाला लावून घेऊ नकोस. हे खरं असेल. मनुबाईला त्याचा आधार घेता आला असता. पण आधार घ्यायचा तर आधी चूक माझी असं म्हणायला लागणार होतं. ती म्हणाली, हं. मीठ तिने आयरीनलाही सांगितलं नाही.

वाड्याला कुणीतरी दोषी हवं होतं. लस न पाठवणारा वरचा माणूस हाताला लागणारा नव्हता, खिडकीतला माणूस रजेवर गेला होता, आणि बालरोगतज्ज्ञांच्या दारात जायची कुणाची छाती नव्हती. राहिली सरस्वती सिस्टर. बायका दवाखान्यावर चालून गेल्या. नीला पुढे होती. अंगावर मुलाचं दूध अजून येत होतं, लुगडं ओलं झालं होतं, आणि तिने सिस्टरच्या तोंडावर हात नाचवत शाप दिला, की तुझी कूस कधी उजवणार नाही. मनुबाई तिच्या शेजारी होती. लेक पडू नये म्हणून तिने तिचा दंड धरला होता. सिस्टर एवढंच म्हणाली, की मी ओतली नाही हो, फाटलेली होती. मग तक्रारीचा कागद निघाला. आजी म्हणून पहिला अंगठा मनुबाईचा घेतला. तिने तो दिला.

महिन्याभरात सिस्टरची बदली झाली, विठ्ठलवाडीच्या बाजूला.

मनुबाई एकदा तिथे गेली होती. दोन मोठी पापलेटं केळीच्या पानात बांधून घेतली होती. खिडकीतून बघितलं तर सरस्वती सिस्टर एका पोराला टोचत होती आणि त्याला हसवायला जीभ काढून दाखवत होती. मनुबाई दहा मिनिटं उभी राहिली आणि परत आली. ती पापलेटं घरीच शिजली. नीला म्हणाली, आज कालवण छान झालंय.

त्या वर्षापासून मनुबाईचं पापलेट दुपारी बारालाच मान टाकायला लागलं. शेजारणी हळहळल्या. नातू गेला तशी बाईची हिंमत गेली, म्हणाल्या. मिठाची बरणी तिने खाडीत रिकामी केली होती, हे कुणाला ठाऊक? पुढे गुडघे धरले तेव्हा पाटी नीलाच्या डोक्यावर गेली. लादी कशी बघावी, भुसा कसा वाळवावा, सगळं मनुबाईने लेकीला शिकवलं. आवडाबाईचं गुपित मात्र दिलं नाही. ते आपल्याबरोबर जाळायचं, असं तिने ठरवलं होतं.

आणि मग पंच्याण्णव सालचा डिसेंबर आला. पोलिओचे थेंब पाजायचा पहिला मोठा दिवस. बाजाराच्या तोंडाशी टेबल मांडलं होतं, कर्णा ओरडत होता. नीलाला तोवर मुलगी झाली होती, रंभा, दोन वर्षांची. तिला सकाळीच थेंब पाजून आणलं होतं आणि ती बाजारात आजीच्या मांडीवर बसून कोलंबीच्या मिशा ओढत होती. दुपारी टेबलावरची एक मुलगी आली, कॉलेजातली असावी, हातात निळा डबा. आमचा बर्फ संपला, गाडी यायला उशीर आहे, थोडा द्याल का, म्हणाली. नीलाने आनंदाने बर्फ फोडला. मुलगी डबा भरायला लागली. तो निळा डबा, त्यातली ती चिमुकली बाटली, भोवती बर्फ. मनुबाई बघत होती.

“मीठ घालू नको,” ती एकदम म्हणाली. “मीठ घातलंस तर गोठंल ती.”

मुलगी हसली. म्हणाली, नाही घालत आजी, पण पोलिओची लस गोठली तरी चालते, तिला काही होत नाही. डबा बंद करून, थँक्यू म्हणून ती निघून गेली. म्हणजे सांगायची गरजच नव्हती. आठ वर्षं दाबून ठेवलेलं जिथे कुणाच्याच कामाचं नव्हतं तिथे बाहेर पडलं.

नीलाच्या हातातला बर्फ फोडायचा टोचा तसाच राहिला.

“बर्फात मीठ कोन घालतं, आये?”

अजूनही थाप मारता आली असती. कुणीतरी सांगितलं होतं, असं म्हणता आलं असतं. मनुबाईने रंभाच्या हातातली कोलंबी काढून घेतली, तिची बोटं पदराला पुसली.

“मी घालायची,” ती म्हणाली. “त्या बाटलीला पन घातलेलं. मूठभर.”

समोर एक गिऱ्हाईक पापलेट दाबून बघत होतं. ते मऊ लागलं, आणि ते पुढच्या बाईकडे गेलं. नीलाने टोचा खाली ठेवला. तिने आरडाओरडा केला नाही, रडलीही नाही. आईच्या मांडीवरून रंभाला उचलून तिने आपल्या कडेवर घेतलं.

“मी त्या बाईला शाप दिलेला, आये,” ती म्हणाली. “तू माझा हात धरून हुबी होतीस.”

मनुबाईने मान हलवली. नीलाने पायात चपला सरकवल्या आणि विठ्ठलवाडीला जायला गाडी कुठून मिळते ते शेजारणीला विचारलं.